पदकाच्या कडेवरचे नाव

(मंदिर जीर्णोद्धार समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम निघाले की जुने दगड बाहेर येतात. कुणी जमिनीत गाडलेला असतो, कुणी भिंतीला टेकलेला, तर कुणी पायरीत उलटा बसलेला. त्यांत एखादा तरी वीरगळ हटकून सापडतो. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला गडी, मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन चाललेल्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच गडी. गावची गुरे सोडवताना किंवा रणात जो पडला, त्याचा हा दगड. त्यावर नाव बहुधा कोरलेले नसते. पण हा माणूस लढता लढता मेला, एवढे दगडाकडे बोट दाखवून लहान मूलही सांगू शकते.

मग जो लढाईवर गेला, पण लढता लढता मेला नाही, परमुलखात हगवणीने, पटकीने किंवा तापाने गेला, त्याचा दगड कोणी घडवायचा? त्याची मधली चौकट कशी काढायची? आपल्याकडच्या पाथरवटाने हा प्रश्न कधी सोडवला नाही. आणि खरे सांगायचे तर पहिल्या महायुद्धात पुण्याहून गेलेल्या कित्येक माणसांच्या वाट्याला नेमके हेच मरण आले.

त्यांचा दगड नाही, पण दुसरी एक वस्तू आहे. पुण्याच्या पंचक्रोशीत, साताऱ्याकडे, कोकणात कित्येक जुन्या घरांत देव्हाऱ्याच्या फळीवर किंवा पेटीच्या तळाशी, लुगड्याच्या चिंधीत बांधलेले एक रुप्याचे पदक असते. घरातली मुले त्याला मोठा रुपया समजतात. एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचे मस्तक असते. दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार असतो, त्याच्या घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल आणि कवटी असते, आणि १९१४ व १९१८ ही साले असतात. वजन सुमारे पावणेतीन तोळे. १९१९ साली ब्रिटिश सरकारने हे पदक सुरू केले आणि चांदीची अशी सुमारे ६५ लाख पदके पाडली. त्याच्या जोडीला सोनेरी मुलाम्याचे, पंख असलेल्या विजयदेवतेचे दुसरे पदक मिळे. त्याच्या पाठीवर इंग्रजीत लिहिले आहे की हे महायुद्ध संस्कृतीसाठी झाले. जो १९१५ साल संपण्यापूर्वीच रणक्षेत्रावर पोचला होता, त्याला आणखी एक पितळी रंगाचा तारा मिळे, त्यावर आडव्या-उभ्या तलवारी असतात. जो परत आला नाही, त्याच्या घरी ही पदके पाठवीत. शिवाय मेलेल्याच्या वारसाला ताटलीएवढी एक काशाची चकतीही देत, तिच्यावर फक्त नाव कोरलेले असे, हुद्दा नसे.

या सर्वांत वाचण्यासारखी जागा एकच, ती म्हणजे रुप्याच्या पदकाची कड. पदक उभे धरून उजेडात हळूहळू फिरवले की कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे दिसतात. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण एवढीच. नावाचे स्पेलिंग कारकुनाच्या कानाला लागले तसे. तो कुठे मेला, कशाने मेला, गोळीने की पटकीने, याचा उल्लेख नाही. एका परीने ते बरेच झाले. पदक देणाऱ्याने मरणांत उच्चनीच केले नाही. जो हजर होता त्याला पदक, मग तो कसाही जावो.

हे पूर्वीही असेच होते असे मात्र नाही. पुण्याच्याच मातीतले उदाहरण घ्यावे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली, त्याच महिन्यात येरवड्याजवळ दुसरी, आणि १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची. या लढायांत कंपनी सरकारच्या बाजूने लढलेल्यांना पदक मिळाले ते १८५१ साली, म्हणजे ३३ वर्षांनी! त्यावर लावायच्या २१ पट्ट्यांत खडकी, पुणे आणि कोरेगाव ही नावे आहेत. पण पदक फक्त तोवर जिवंत राहिलेल्यांना. १८१७-१८ मध्येच पटकीची मोठी साथ हिंदुस्थानभर फिरली आणि लष्कराच्या छावण्यांतून तिने माणसे नेली. अशांच्या घरी काही पोचायचा प्रश्नच नव्हता. तेहतीस वर्षे जगणे हीच त्या पदकाची खरी अट होती, असे म्हटले तरी चालेल.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

१९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा पुण्याला ज्या फौजेचे ठाणे होते, तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात तीन ब्रिगेडी होत्या. सोळावी पुण्याची, सतरावी अहमदनगरची आणि अठरावी बेळगावची. प्रत्येक ब्रिगेडीत एकेक मराठा पलटण होती. पुण्याच्या ब्रिगेडीत ११७ वी मराठा, नगरच्या ब्रिगेडीत १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, बेळगावच्या ब्रिगेडीत ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. या पलटणींत देशावरचे मराठे, कोकणातले मराठे आणि दख्खनी मुसलमान असत. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्याही बरोबर होत्या, पूल बांधायला, खंदक खणायला. पंजाबी, राजपूत आणि गोऱ्या पलटणी होत्याच. पण नाव पुण्याचे, आणि मराठी बोलणाऱ्यांचा भरणाही मोठा.

ही डिव्हिजन ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून जहाजावर चढू लागली. ६ नोव्हेंबरला पहिली तुकडी इराणच्या आखाताच्या टोकाला फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा शहर हाती आले. ज्याला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत, तोच आजचा इराक. प्रांत तुर्कांच्या अमलाखाली होता. तेलाची नळवाहिनी सांभाळणे हा मूळ हेतू. पण विजय सोपा मिळाला की माणसाची हाव वाढते. फौज तैग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकू लागली. जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कुत. पुढे बगदाद दिसू लागले. सेनापती जनरल टाऊनशेंड यांच्या फौजेने २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे तुर्कांवर हल्ला चढवला. लढाई मोठी झाली, साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली वा जखमी झाली आणि बगदाद काही मिळाले नाही.

इथून पुढे शत्रूपेक्षा मोठा वैरी कोण, ते कळू लागते.

तो मुलूख शेतकऱ्याला समजावून सांगायचा तर असा. उन्हाळ्यात सावलीत पारा १२० अंश फॅरनहाइटच्या वर. झाड नाही, दगड नाही, सरपणाला काटकी नाही. बर्फ वितळला की नदीला पूर येऊन मैलोगणती चिखल. पाणी एकच, तैग्रिसचे; त्यातच जनावरे, त्यातच छावणीची घाण, आणि तेच पिण्याचे. माशा इतक्या की घास तोंडाशी नेईपर्यंत काळा व्हावा. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती; दाणागोटा, दारूगोळा, आजारी, जखमी सगळे नदीतल्या मूठभर बोटींवर. बोटी आधीच अपुऱ्या, त्यात पुढे दाणा न्यायचा की मागे जखमी आणायचे, अशी ओढाताण. टेसिफॉनचे जखमी बसऱ्याला आणले ते उघड्या पडावांवर, जनावरे वाहून नेलेल्या त्याच पडावांवर, अंथरुणाशिवाय, मलमपट्टीशिवाय, आठ-आठ दहा-दहा दिवस. कित्येकांच्या जखमांत किडे पडले. हगवण लागलेला माणूस आणि मांडी फुटलेला माणूस शेजारी-शेजारी पडलेले. मेजर कार्टर या डॉक्टराने हे पाहून वरिष्ठांना खडसावून कळवले, तेव्हा त्यालाच गप्प बसायचा दम मिळाला. पुढे चौकशी झाली. १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात हिंदुस्थान सरकारच्या काटकसरीवर आणि वैद्यकीय व्यवस्थेवर कडक ठपका आला आणि विलायतेतले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. पण हे सारे नंतरचे.

डिसेंबर १९१५ च्या सुरुवातीला ही दमलेली फौज मागे फिरून कुतला आली. नदीच्या वळणात वसलेला तो गाव, तीन बाजूंनी पाणी. तुर्कांनी चौथी बाजू बंद केली. ७ डिसेंबरपासून वेढा पडला, तो पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत चालला.

या वेढ्यातली एक हकीगत देवळाच्या मांडवात सांगण्यासारखी आहे, कारण तिचा संबंध गावाशी आणि गावकीशी आहे.

जानेवारी संपता संपता दाणा कमी पडू लागला, तेव्हा घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटायला सुरुवात झाली. गोरे शिपाई खाऊ लागले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते नाकारले. त्यांच्यासाठी मग पीठ, थोडे तूप, आणि मिळेल तो पाला. काही जण वेढ्यातल्या मोकळ्या जागेतले गवत-तण खुडून शिजवून खात. भाजीपाला नाही, फळ नाही, मांस नाही. थोड्याच आठवड्यांत स्कर्व्ही नावाचा रोग फैलावला. हिरड्या सुजतात, काळ्या पडतात, दात हलतात, पाय जड होऊन चालवत नाही, आणि भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा फुटतात. अशा अंगावर हगवण आली की माणूस उठत नाही. हिंदी पलटणींतले हजारावर लोक या रोगाने अंथरुणाला खिळले. गोऱ्या शिपायांत हा रोग फार थोडा. त्यांना उलट पांढऱ्या मैद्याच्या पावाने बेरीबेरी झाली, जी जाड्याभरड्या पिठाची भाकरी खाणाऱ्या आपल्या लोकांना झाली नाही. अन्नाचा न्याय कसा चोख असतो पाहा.

टाऊनशेंडने हिंदुस्थानात तारा-निरोप धाडून पंडितांचे आणि मौलवींचे अभिप्राय मागवले. प्राणसंकटात हे मांस खाल्ल्यास दोष नाही, असे अभिप्राय आलेही. तरी शिपाई मानेनात. ते म्हणत, मोठ्या शहरातल्या पंडिताने सांगितले ते ठीक, पण आमच्या गावचा भट काय म्हणेल? उद्या घरी गेलो तर आमच्या मुलींना कोण करून घेईल?

हे वाक्य तोलून पाहिले पाहिजे. तोफेपुढे उभे राहिलेली ही माणसे. त्यांना धाक होता तो तुर्कांचा नव्हता, हजारो मैल दूर असलेल्या आपल्या पारावरच्या चार माणसांचा होता. गाव आपल्याला परत घेईल की नाही, पंगतीला बसू देईल की नाही, या काळजीने त्यांनी हिरड्यांतून रक्त येईपर्यंत उपास काढले. त्यांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण त्यांना असे वाटायला लावले कोणी? गावाने प्राणसंकटातल्या माणसाला सवड दिली असती, ‘तू जिवंत ये, बाकीचे आम्ही बघून घेऊ’ असे एक पत्र जरी गेले असते, तरी कितीएक जगले असते. अखेर एप्रिलमध्ये, रोजचे पीठ दोन-अडीच छटाकांवर आले तेव्हा, अधिकाऱ्यांच्या सक्तीने आणि पोटाच्या आगीने हजारोंनी ते मांस खाल्ले. तोवर फार उशीर झाला होता.

आणखी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, विशेषतः माता-भगिनींनी ध्यानात ठेवावी अशी. स्कर्व्हीचे कारण त्या काळी पुरते उमगले नव्हते. क जीवनसत्त्वाचा शोध पुढे लागला. बाटलीतला लिंबाचा रस पाठवीत, त्याचा गुण फारसा येत नसे. तेव्हा लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक या विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवले की कोरड्या डाळीत जो गुण नाही, तो धान्य भिजवून मोड आणले की येतो. १९१७ च्या सुमारास मेसोपोटेमियातल्या हिंदी फौजेसाठी हीच तोड सुचवण्यात आली. मोड आलेली मटकी! जी प्रत्येक मराठी घरात फडक्यात बांधून ठेवलेली असते, ती. शिपायाच्या घरी चुलीजवळ औषध टांगलेले होते आणि शिपाई कुतमध्ये दात गमावत होता. फौजेच्या शिध्यात डाळ होती, पण ती भरडलेली. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत, हे कोणाही बाईने सांगितले असते.

बाहेरून वेढा फोडण्याचे चार महिने प्रयत्न झाले. त्यांत सुमारे २३ हजार माणसे मेली वा जखमी झाली, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षा किती तरी जास्त. विमानांतून पिठाची पोती टाकली, काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. २९ एप्रिल १९१६ रोजी टाऊनशेंड शरण गेले. लढणारे आणि चाकरमाने धरून सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. वेढ्याच्या काळात नुसत्या रोगाने सातशेच्या आसपास गेली होती.

कैदेत तुर्कांनी प्रथम जी जाड, कडक बिस्किटे दिली, ती भुकेल्या माणसांनी पाण्यात बुडवून अधाशासारखी खाल्ली आणि पोट फुगून, हगवण लागून पहिल्याच मुक्कामावर शेकडो लोक गेले. पुढे वाळवंटातून बगदाद, मोसुल आणि तिथून रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर पायी तांडे. तांडा थांबत नसे. जो पडला तो पडला. गोऱ्या शिपायांपैकी सुमारे अडीच हजार कैद झाले होते, त्यांतले सतराशेवर परत आले नाहीत. हिंदी कैद्यांत मेलेले आणि पत्ता न लागलेले मिळून आकडा दोन हजारांच्या वर जातो. त्यांत कॅप्टन कल्याण मुखर्जी हे बंगाली डॉक्टर होते. वेढ्यात आणि कैदेत इतरांची शुश्रूषा करता करता ते १९१७ साली रास-अल-ऐन येथे तापाने वारले. त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, नातवाची पत्रे जमवून १९२८ साली ‘कल्याण प्रदीप’ नावाचे पुस्तक छापले, म्हणून ते आज ठाऊक आहेत. पत्रे जपणारी आजी सगळ्यांच्याच नशिबी नसते, आणि मुळात पत्र लिहिता येणारे शिपाईही थोडे.

सहावी पुणे डिव्हिजन त्या युद्धात पुन्हा उभी राहिली नाही.

रोगाने माणसे निवडून नेली असे म्हणता येणार नाही. कुतला वेढा घालणारा तुर्कांकडचा जर्मन सेनापती, फील्ड मार्शल फॉन डेर गोल्ट्झ, आपला विजय पाहण्याआधी दहा दिवस, १९ एप्रिल १९१६ रोजी, बगदादेत टायफसने वारला. ज्या जनरल मॉडने नव्या फौजेनिशी ११ मार्च १९१७ ला बगदाद जिंकले, तो त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला त्याच शहरात पटकीने गेला. फौजेला उकळलेले पाणी पाजणारा सेनापती पटकीने जावा, याला काय म्हणावे! मॉडची कबर बगदादेत आहे, त्याचा पुतळाही तिथे उभा होता. म्हणजे रोगाने मेला म्हणून सेनापतीचे मरण कोणी हलके मानले नाही.

मॉडच्या वेळेपासून व्यवस्था सुधारली हेही सांगितले पाहिजे. बोटी वाढल्या, इस्पितळे उभी राहिली, भाजीचे मळे लावले, पाणी शुद्ध करू लागले. तरी मेसोपोटेमियाच्या साऱ्या मोहिमेत आजारपणासाठी इस्पितळात दाखल होण्याची संख्या आठ लाखांच्या वर गेली आणि रोगाने मेलेल्यांची बारा हजारांच्या वर. पुढच्या वर्षांत १०५, ११४ व ११६ या मराठा पलटणीही तिथे लढल्या. १९१७ साली १११ वी महार पलटण नव्याने उभी केली गेली, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडून टाकली. कोरेगावचे नाव पदकाच्या पट्टीवर मिरवणाऱ्या सरकारने हे केले, त्याबद्दल दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली, जून महिन्यात मुंबईला आणि पुढे पुण्यासह साऱ्या देशभर. जो शिपाई बसऱ्याहून धडधाकट परतला, त्याला कधी कधी घरी कोणी उरलेले नसे. मग पोस्टातून आलेले पदक घेणार कोण, असाही प्रसंग कित्येक घरांवर आला असला पाहिजे.

आता नावांकडे येऊ; कारण या मंडपात बसलेल्या प्रत्येकाला नावाची किंमत ठाऊक आहे. देवळाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसते, तेव्हा एखाद्याचे आडनाव चुकले, एखाद्याच्या वडिलांचे नाव गाळले, तर किती वादंग होते! आणि ते योग्यच आहे. ज्याने दिले त्याचे नाव नीट आले पाहिजे.

बसऱ्याजवळ मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक उभारले गेले. हिंदूंचे दहन झाले, वाळवंटात पडलेल्यांचे काहीच झाले नाही. त्यामुळे आपली बहुतेक माणसे याच स्मारकात मोडतात. त्या भिंतींवर गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि शिपायांची नावे कोरली आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायांचे काय केले? पलटणीचे नाव आणि खाली मेलेल्यांची संख्या! नावे कागदावरच्या नोंदवहीत राहिली, दगडावर आली नाहीत. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर वाळवंटात नेले. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने कबूल केले की हिंदी, आफ्रिकी आणि इतर अशा हजारो मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. शंभर वर्षांनी का होईना, कबूल केले. आता ती नावे आयोगाच्या संगणकीय नोंदींत शोधता येतात.

पुण्यातही खुणा आहेत. खडकीच्या युद्धसमाधिस्थळात पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. भारतात आणि आजच्या पाकिस्तानात ठिकठिकाणी पुरलेल्या, पण जिथल्या कबरी सांभाळणे शक्य राहिले नाही, अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावे तिथे आहेत. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज पुण्यात आले, तेव्हा भांबुर्ड्याला त्यांच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली, आणि त्याच दिवशी युद्धात पडलेल्या मराठा शिपायांच्या स्मारकाचीही. शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पुढे १९२८ साली उभा राहिला आणि आज सारे पुणे तो जाणते. शिपायांच्या स्मारकाची आठवण तितकी कोणाला नाही. खेड्यांत सरकारने लहान दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. पुन्हा संख्याच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातली अशी पाटी प्रसिद्ध आहे. तिथल्या ४६ जणांनी त्या युद्धात प्राण दिले, आणि गावच्या नावापुढे लोक आजही ‘मिलिटरी’ लावतात. अशी पाटी चावडीत, शाळेच्या भिंतीत, कधी देवळाच्या ओट्यालाही असते. जीर्णोद्धाराच्या कामात रंगाचा हात फिरवताना तिची अक्षरे बुजवू नयेत, आणि वीरगळ पायरीत घालू नये, एवढे गवंड्यांना बजावून सांगावे.

तेव्हा भिंतीवर संख्या, पाटीवर संख्या, आणि नाव कुठे? फक्त त्या पदकाच्या कडेवर.

म्हणून घरात असे पदक असेल तर ते चिंचेने, राखेने घासू नये. चकाकी येते, पण कडेची अक्षरे झिजतात. १९८० च्या सुमारास जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा विलायतेतसुद्धा पुष्कळांनी ही पदके वितळवली. आपल्याकडे गरजेला सोनाराकडे गेली असतील तर त्यात नवल नाही. पुष्कळ घराण्यांत अकाली गेलेल्या पुरुषाचा ‘वीर’ म्हणून टाक करून देव्हाऱ्यात बसवण्याची चाल आहे. कोणी पदक मोडून त्याच चांदीचा टाक घडवला असेल, तर त्यालाही नावे ठेवता येणार नाहीत. पाथरवटाने जो दगड घडवला नाही, तो त्या घराने सोनाराकडून घडवून घेतला, एवढेच. पण त्याआधी कडेवरची अक्षरे कागदावर उतरवून ठेवायला हवी होती.

अक्षरे उतरवताना पलटणीच्या आकड्याकडे नीट पाहावे, कारण १९२२ साली सगळे आकडे बदलले. १०३ वी ती पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, तिलाच जंगी पलटण म्हणतात. १०५ वी दुसरी झाली, ती काळी पाँचवी. ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, आणि मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल ‘रॉयल’ किताब मिळालेली ११७ वी पाचवी. ११४ वीची प्रशिक्षण पलटण झाली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आज बेळगावला आहे. क्रमांक, नाव आणि जुना आकडा हाती असला की आयोगाच्या नोंदीत मृत्यूची तारीख आणि स्मारकाचे ठिकाण सापडू शकते. मग निदान वर्षश्राद्धाची तिथी तरी काढता येईल. कित्येक घरांत ती सर्वपित्रीवर ढकलली गेली आहे.

ताऱ्याला कड नसते. त्यावरचे नाव पाठीमागे पाहावे. आणि पदक चांदीचे न निघता तांबूस, काशाचे निघाले, तर ते नकली समजून मोडीत टाकू नये. तशी सुमारे १ लाख १० हजार पदके पाडली होती, ती मजूर तुकड्यांतल्या आणि फौजेबरोबर गेलेल्या बिनलढाऊ माणसांसाठी. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, पण पाणी तेच, माशा त्याच आणि हगवणही तीच. शिपायाला चांदी आणि चाकरमान्याला काशे, हा भेद मात्र सरकारने शेवटपर्यंत राखला. त्याही पदकाची कड उजेडात फिरवून पाहावी. तिथेही नाव असते.